‘खाली घे’ म्हणजे नेमकं काय

ती. मामांस, भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा समजू नये. पुढचं वाचलंत की प्रत्यक्ष आडवं पडायचीही माझी तयारी आहे हे कळेल.) डावा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेल्या पायाने पलंगाच्या कठड्यावर क्लच दाबायचा सराव करता, असं तुमची लेक कळवते. तो तूर्त थांबवावा, घाई नाही. इकडे मामी मजेत आहे, तिच्या शाळेतली मुलंच काय, शिक्षकही तिला टरकून आहेत, आणि तुमची लाल गाडी सुखरूप आहे. म्हणजे तिचे सगळे भाग एकाच गॅरेजात आहेत.

लेकीकडे जाताना तुम्ही मला किल्ली आणि एकतीस सूचनांची वही दिलीत. परत येईपर्यंत गाडी धड राहिली तर ती माझी, नाहीतर धाकट्या जावयाची, असं सगळ्यांसमोर जाहीरही केलंत. (जावईबापूंना ऑटोमॅटिकशिवाय काही चालवता येत नाही. पण माणूस सज्जन आहे, असं तुम्ही म्हणता. सज्जनपणाने क्लच दाबला जात असेल तर माझी हरकत नाही.) मला ती गाडी हवी आहे, मामा, हे उघड सांगतो. म्हणून वही मी पाठ केली. तिसरी सूचना गिअरचा दांडा मुठीत घट्ट धरून ठामपणे ढकलण्याची. एकतिसावी, गॅरेजात कुणालाही गाडीला मशीन लावू देऊ नये अशी. रंगाला ओरखडे पडतील म्हणून असेल, असं मी भाबडा समजलो.

मंगळवारी सकाळी मामीला शाळेत सोडायला निघालो. रस्ता सरळ, मोकळा, गाडी पाचव्या गिअरमध्ये चांगली पळत होती. एवढ्यात मामी म्हणाली, ‘खाली घे जरा.’ तिला काच म्हणायचं होतं. उकडत होतं बिचारीला, आणि काचेचं बटण दांड्याजवळच आहे. पण तुम्ही मला तीन रविवार शेजारी बसून शिकवलंत, आणि प्रत्येक वळणाआधी गिअर उतरवायला ‘खाली घे’ एवढंच म्हणालात. (इतर वेळी जे म्हणालात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) त्यामुळे वळण कुठे आहे हे न बघता मी आज्ञा पाळली. पाचव्यावरून चौथा घ्यायला दांडा मुठीत आवळला, सूचना क्रमांक तीनप्रमाणे ठामपणे ढकलला, आणि तो चौथा ओलांडून थेट दुसऱ्यात गेला. क्लच सोडला मात्र, इंजिनाने जी किंकाळी फोडली ती ऐकून शाळेच्या शिपायाने फाटक आतून लावून घेतलं. मामी मात्र शांत होती. काच अजून वरच आहे, एवढंच म्हणाली.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि माझी शाळा घेतली. इंजिनाचे फेरे फार वाढले की पेट्रोल आपोआप बंद होतं ना, मग हे झालं कसं, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की पेट्रोल बंद होऊन उपयोग काय, तेव्हा इंजिन चाकांना पळवत नव्हतं, चाकं इंजिनाला पळवत होती. त्यांच्या मते दांडा मुठीत धरणं हाच मूळ गुन्हा. आधी गाडीचा वेग कमी करायचा, मग उघड्या तळव्याने दांडा नुसता सरळ मागे ओढायचा; आतली स्प्रिंग त्याला मधल्या खाचेत आणते आणि तिथे चौथाच लागतो. आपण ठामपणा दाखवला की स्प्रिंग हरते. क्लच हळू सोडायचा, आणि आवाज चढू लागला की तिथल्या तिथे परत दाबायचा. (मी दोन्ही पाय वर उचलून घेतले होते. हा उपाय त्यांच्या यादीत नाही.) दोन व्हॉल्व्ह वाकले आहेत, ते बदलले की गाडी पूर्ववत होईल. तिसरी सूचना कुणी लिहिली, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या माणसांचं नाव घेतलं नाही.

गुडघ्याला जपावे, राग त्याहून जपून करावा.

तुमचा आज्ञाधारक (हेच नडलं)
भाचा

ता. क. मिस्त्रींनी गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन लावलं. गाडी आपले सगळे अपराध लिहून ठेवते हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं, असं दिसतं. मर्यादा मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांची. माझी नोंद नऊ हजार दोनशे. तिच्यावर आणखी एक आहे, नऊ हजार आठशेची. सर्व्हिसच्या वहीशी ताडून पाहता ती चार वर्षांपूर्वीच्या तुमच्या सहलीच्या आठवड्यातली निघाली. तेव्हा माझ्याकडे लायसन्सही नव्हतं. तर किल्ली माझ्याकडेच राहील, एवढं जावईबापूंना तुम्हीच कळवावं.

ता. क. २. या नोंदींचा मशीनमधून निघालेला कागद माझ्याकडे नाही, मामीकडे आहे. त्या सहलीत गाडीने असाच आचका दिला होता, आणि तू दार आपटल्यामुळे झालं, असं तुम्ही तिला सांगितलं होतंत म्हणे. चार वर्षं ती त्या गाडीचं दार दोन्ही हातांनी, श्वास रोखून लावते आहे. ती गुरुवारी तिकडे येते आहे. दार लावल्याचा आवाज आला की समजा, पोचली.