डोंगरावर दोन तास मोकळी

अब्बांना सनाचा सलाम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. अम्मीचा गुडघा आता कसा आहे?

इथे वेल्समध्ये मी डोंगरावर पळणाऱ्यांच्या क्लबमध्ये नाव घातलंय. मोहोळच्या सपाट रानात वाढलेली मी, चढावर सगळ्यांच्या मागे पडते. पण इथली रीत अशी, की पुढचे लोक माथा गाठला की माघारी खाली पळत येतात आणि मागच्याला सोबत घेतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, रागवायला आले. सत्तरीची मेगन हसून म्हणाली, "अगं, तेवढाच आमचा जास्तीचा व्यायाम."

तिथे दोन तास मी मोकळी असते. खाली वृद्धाश्रमातल्या नोकरीत मात्र माझा व्हिसा मालकाच्या हातात आहे. नोकरी गेली, तर साठ दिवसांत देश सोडायचा. म्हणून आम्ही सातजणी चौदा-चौदा तास राबतो आणि गप्प बसतो. कॉलेजात टेबल आपटून भाषणं करणारी तुमची मुलगी आठ महिने मान खाली घालून 'येस सर' म्हणते आहे. भीतीनं गप्प बसलेली माणसंच असल्या मालकांना मोठं करतात, अब्बा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी मालकासमोर उभी राहून बोलणार आहे.

अम्मीला फक्त डोंगराचं वाचून दाखवा. फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही "सना, जरा दमानं घे की" म्हणाला असता, आणि मी ऐकलं असतं. हे पत्र तुमच्या हातात पडेल, तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल.

तुमची हट्टी,
सना