आईंच्या ट्रंकेतली देवी

४ मे, रविवार
पौर्णिमेला आठच दिवस. वाडीत वंदना घेणारे आचार्यकाका मुंबईला इस्पितळात. म्हणून मंडळाने यंदा पंचशील मला द्यायला सांगितलं. आमच्या बौद्धवाडीत बाईने द्यायची पहिलीच वेळ. ह्यांना मुंबईला फोन केला तर म्हणतात, "चुकू नको म्हणजे झालं." दोन शब्द कौतुकाचे बोलायला काय जातं ह्या माणसाचं.

७ मे, बुधवार
विहाराला चुना लावून झाला. सासूबाईंचं पांढरं लुगडं धुवायला काढायचं म्हणून त्यांची ट्रंक उघडली. तळाशी फडक्यात बांधलेला चांदीचा टाक. देवीचा, बोटभर. आमच्या घरात देव.
आईंना विचारलं. म्हणाल्या, "धम्म घेतला तवा वाडीतले समदे देव टोपलीत घालून खाडीत सोडले. मी एवढीशी. आयेनं ही एक माज्या परकरात खोचली. बोलली, कुनाला सांगू नको. पुजली न्हाय गं मी कदी. पर आयेच्या हातचं दुसरं काय हाय माज्याकडं?"

८ मे
अंगणवाडीत मुलांची हजेरी दोनदा घेतली. कशात लक्ष नाही.
गेल्या वर्षी शेजारच्या कमलच्या घरात देव सापडला, तेव्हा भर मीटिंगमध्ये तिला फाडून खाल्लं ते मीच. बावीस प्रतिज्ञा घडाघडा म्हणून दाखवल्या. ती बिचारी रडत खाडीवर गेली, देव सोडून आली.
आता आमचं सांगितलं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला वाडीसमोर उभं करतील. नाही सांगितलं तर पंचशील देणारी मी कोण लागून गेले?

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळी झेंडा, मेणबत्त्या, सगळे पांढऱ्यात. मुंबईकर मंडळी आलेली, हे पण. खिरीची दोन पातेली.
त्रिशरण नीट झालं. मी ओळ म्हणायची, वाडीने मागून. तीन शीलं झाली. चौथं, खोटं न बोलण्याचं. आवाजच फुटेना. सगळे थांबले. अध्यक्षांना वाटलं उन्हाने, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आईंनीच ती ओळ म्हटली, डोळे मिटून, ठणठणीत. वाडी त्यांच्यामागून बोलली. पाचवं मी कसंबसं उरकलं.
नंतर बायका म्हणतात, सासू-सुनेची काय जोडी आहे. मला लाज वाटली. फार लाज वाटली.

१३ मे
हे सकाळच्या एसटीने परत. त्यांना टाकाचं सांगितलं नाही. आई म्हणाल्या, "बाकी कुनाला नको, पर कमलला सांग. तिचा देव तू सोडाया लावलास."

१४ मे, बुधवार
गेले. कमल मागच्या दारी सुकट निवडत होती. सगळं सांगितलं, माफी मागितली. तिचा हात थांबला नाही. मग तिने विचारलं, "म्हातारीची देवी घरात हाय अजून?"
म्हटलं, आहे.
"माजी पन आयेनंच दिल्याली, वैनी. तुमी इचारलंच न्हाय."
घरी आले. आईंना अजून काही सांगितलेलं नाही.