राजूनं लिहिलेली नावं

रहिमतपूर स्टेशन
९ मार्च १९९९

प्रिय माया,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. नर्सिंगचं ट्रेनिंग सोडून महिनाअखेर घरी येतेस, मेट्रनबाईंना द्यायचा अर्जही लिहून ठेवलायस, एवढंच तू लिहिलंस आणि खाली एक ओळ, ‘माझ्या हातानं झालं ते मीच निस्तरते.’ कोंडीबा पोर्टरच्या खोलीत मी ते उभ्यानं वाचलं. त्यांनी विचारलं, “काय म्हनती लेक सांगलीची?” मी म्हटलं, खुशाल आहे. आता माझं हे पत्र शेवटपर्यंत वाचेपर्यंत तो अर्ज देऊ नकोस. वाचून झाल्यावरही द्यावासा वाटला तर दे, मी अडवणार नाही.

आधी आपल्या राजूचं सांगते, कारण शेजारच्या चंद्राबाईनं तुला फोनवर काय तिखटमीठ लावून सांगितलं असेल कोण जाणे. बाजारच्या दिवशी तो सायकलच्या दुकानापुढं उभा होता. तिथं तो नेहमी उभा राहतो, चाक फिरताना बघायला त्याला आवडतं. कुणाची तरी पिशवी गेली. बाहेरगावची चार माणसं, त्यांना हा अनोळखी. “नाव काय रं तुझं? कुनाचा तू?” असं विचारलं, याला ऐकूच येत नाही, हा नुसता बघून हसला. तुला ठाऊक आहे, काही कळलं नाही की तो हसतो. “हसतंय बघा बेनं,” म्हणून एकानं सुरुवात केली. तराजूच्या दांडीनं मारलं, माया. उजवा हात दोन जागी मोडला, पुढचे दोन दात गेले. मी पोचले तेव्हा तो हातगाडीखाली पाय पोटाशी घेऊन पडला होता आणि आजूबाजूला त्याला रोज बघणारी वीस माणसं होती. कांदेवाला आकाराम मला म्हणाला, “वहिनी, आमाला वाटलं त्यो सांगंल आपलं नाव.” आता प्लास्टर आहे सहा आठवडे. भात डाव्या हातानं खातो, निम्मा सांडतो, पण जेवण व्यवस्थित जातं. त्याची काळजी करून तू येणार असशील तर त्याची गरज नाही. पण तू त्याच्यासाठी येत नाहीस, हे मला तुझ्या त्या शेवटच्या ओळीवरून कळलं.

तर त्या दिवसाचं मला एकदा लिहू दे. आठ वर्षांत आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. सन एक्क्याण्णवचा श्रावण. तुझ्या आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांची बायको म्हणून मला स्टेशनावर झाडलोटीचं आणि पाण्याच्या पिंपांचं काम मिळालं होतं. तू चौथीत, राजू दुसरीत, आणि शेवाळे गुरुजी दुसरी ते चौथी एकाच खोलीत बसवायचे. त्यांची पद्धत अशी, की पाढा विचारायचा, ज्याला आला त्यानं उठून, ज्यांना आला नाही त्यांच्या एकेकाच्या थोबाडीत द्यायची. गुरुजींचा हात दुखायला नको आणि हुशार पोरांचा मानही राहायला हवा. तुला एकोणतिसापर्यंत सगळे पाढे यायचे. राजूला तर काय विचारलंय तेच कळायचं नाही. त्या दिवशी तू ओळीतल्या सगळ्यांना मारत आलीस आणि शेवटी हा. तू नुसता त्याच्या गालाला हात लावलास. गुरुजी म्हणाले, “भावाचा गाल कुरवाळतीस व्हय गं? हिकडं ये, दावतो कशी मारायची ती.” आणि तुला अशी दिली की तुझी रिबीन सुटून खाली पडली. मग तू परत गेलीस आणि राजूच्या कानाखाली तशीच मारलीस. वर्ग हसला म्हणे.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मागून वर्गातल्या पोरांनी सांगितलं. मी घरी आले तर राजूच्या उजव्या कानातून रक्त येऊन गळ्यापर्यंत वाळलेलं. मी खुणेनं विचारलं, कुणी? त्यानं तुझ्याकडं बोट केलं. तू चुलीपुढं बसली होतीस. मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि तुला मारलं. तू पळाली नाहीस. “व्हय आई, मीच मारलं,” एवढंच तू दोनदा म्हणालीस आणि मी मारतच राहिले. कोपराच्या वरचा तुझा तो डाग त्या लाकडाचा आहे. ट्रेनिंगमध्ये कुणी विचारलं की तू उकळतं दूध सांडल्याचं सांगतेस, हे मला तुझ्या आत्यानं, आक्काताईंनी सांगितलं. सांगू नकोस दुधाचं. आईनं दिला म्हण.

दुसऱ्या आठवड्यात रेल्वेच्या पासावर मी त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथं एका काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासलं. परत आल्यावर तू दारात उभी होतीस. मी म्हटलं, “कान गेले त्याचे.” त्या दिवसापासून त्याची अंघोळ तू, त्याचं दप्तर तू, त्याला हाताला धरून शाळेत नेणं तू. दहा वर्षांची पोर खेळायची थांबली. शेजारच्या बाया म्हणायच्या, “काय गुणाची लेक हाय!” आणि मी ते ऐकून घ्यायची.

मिरजेचा कागद घेऊन मी शाळेत गेले होते. याला पुढं बसवा, तोंड याच्याकडं करून बोला, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गुरुजींनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, “बाई, कागदानं पोरगं भैरं हुत न्हाई. लाडानं हुतं. आन खरंच भैरं आसंल तर मिरजंला तसल्यांची शाळा हाय, तितं टाका. मी काय त्याच्या एकट्यासाठी नाचू?” मी कागद परत घेतला. बाकीच्या पोरांच्या आया मला वाटेत सांगायच्या, की याच्यामुळं आमच्या पोरांचा अभ्यास बुडतो. हेडमास्तरांनी तर मला बसाही म्हटलं नाही.

मग दिवाळीची सुट्टी संपली आणि गुरुजींनी त्याची परीक्षा घेतली. तू ते बघितलंस. राजू पाटीवर चित्र काढत बसला होता. सगळ्या पोरांना तोंडावर बोट ठेवायला सांगून गुरुजींनी त्याच्या पाठीमागं, वीतभर अंतरावर, सुतळी बॉम्ब लावला. फरशी हादरली, पोटरी भाजली, कुणीही उडेल तसा तो उडाला. “बघा! ऐकतंय का न्हाई सोंगाडं?” म्हणून गुरुजी हसले आणि पोरांनाही हसू दिलं. तू अनवाणी धावत स्टेशनावर आलीस. मी हातातला झाडू टाकून निघाले. वर्गात शिरले तेव्हा राजू कोपऱ्यात होता, त्याच्या चड्डीतून ओघळ आला होता आणि पोटरीची कातडी निघून लोंबत होती. टेबलावर छडी होती. मी ती घेतली. पहिली त्यांच्या कानावरच मारली. “ऐकू आली का गुरुजी? का अजून तपासू?” चौथ्या की पाचव्या फटक्याला छडी मोडली, मग हातानं मारलं, चष्मा फुटून त्यांच्या भुवईतून रक्त आलं, तरी थांबले नाही. पोरं आरडत बाहेर पळाली. तू दाराला धरून उभी होतीस. पुढं लोकांनी मला वाघीण म्हटलं, काहींनी सटवी म्हटलं. खरं सांगते, मारताना मला बरं वाटत होतं. लेकरासाठी मारतेय म्हणून नव्हे. नुसतंच बरं वाटत होतं, आणि ते मी ओळखलं, कारण तसं मला आधीही वाटलेलं होतं. कधी, ते पुढं लिहिते.

मग मला पंचायतीत बोलावलं, सरपंच नानासो म्हणाले, “बाईमानसानं मास्तरावर हात टाकायचा, ही कुठली रीत? आज ह्यांनी टाकला, उद्या समदेच टाकतील.” मी म्हटलं, रोज टाकतातच की, तुमचे मास्तर पोरांनाच शिकवतात हात टाकायला. तरी शाळेतून राजूचं नाव काढायचं ते काढलंच. राजूच्या दाखल्यावर लिहिलं, प्रगती नाही, वर्तणूक वाईट. ज्यानं आजवर कुत्र्याला दगड मारला नाही त्याची वर्तणूक वाईट. तुलाही त्या वर्गात ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणून तुला सांगलीला आक्काताईंकडं धाडलं. तुला वाटलं, मी तुला नजरेआड केलं. तसंच होतं ते थोडं.

राजूला मी स्टेशनावरच शिकवलं. मला आबांनी रुळांखालच्या स्लीपरवर खडूनं अक्षरं गिरवून शिकवली, तशीच त्याला. गाडीत लोक टाकून जातात ते पेपर आम्ही दोघं वाचतो. मिरजेकडून येणाऱ्या गाडीत कानडी पेपर निघतात, त्यातली नुसती चित्रं बघतो. त्याला आता बरंच लिहिता येतं. वाक्य नीट होत नाही, शब्द येतात.

आता जे लिहायला बसले ते. मार लागल्यावर तिसऱ्या दिवशी हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आले. चांगले होते बिचारे. मी म्हटलं, याला लिहिता येतं, लिहून विचारा. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘तुला कोणी मारले?’ राजूनं डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिला. हवालदारांनी वाचलं, मग मला म्हणाले, “आवं बाई, म्या बाजारातलं इचारलं, ह्यानं जन्माचं सांगितलं की!” त्यानं लिहिलं होतं, बाजार चार माणूस. गुरुजी छडी. गुरुजी फटाका. पाण्याच्या टाकीजवळची पोरं. आणि सगळ्यात वर, पहिलं नाव, आई. आई तीनदा लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं, माया, त्यात तू नव्हतीस. मला वाटलं विसरला. मी पेन्सिल घेऊन खाली ‘माया’ लिहिलं आणि कानावर हात मारून दाखवला. त्यानं माझ्या हातातून पेन्सिल ओढली आणि तुझं नाव खोडलं. एवढ्या जोरात खोडलं की कागद फाटला. मग दोन्ही खांद्यांवर वेण्या दाखवल्या, ती तुझी खूण, आणि गुरुजींची छडी दाखवली. कुणी मारायला लावलं ते त्याला तेव्हाच कळलं होतं. मला मात्र चुलीपुढं कळलं नव्हतं.

तो कागद मी मागून घेतला. त्याच्या जोडीला मिरजेचा कागद याच पाकिटात ठेवला आहे. तू आता असले कागद वाचायला शिकतेस, तूच वाच. कानाचा पडदा थोडा फाटला होता, तो महिन्यात भरून आला. ऐकणं मात्र दोन्ही कानांचं नव्हतंच, जन्मापासून. तुझ्या चापटीनं काही गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि विचारलं, इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, नाही आलं. ते खोटं होतं. तो चार वर्षांचा असताना रुळांमधून चालत होता, मागून मालगाडी, ड्रायव्हर शिट्टी वाजवतच होता, मी हाका मारत धावतेय, आणि हा वळला नाही. मी त्याला ओढून काढलं आणि घरापर्यंत दोन्ही कानांवर मारत नेलं. मारताना बरं वाटत होतं. इंजिनाची शिट्टी ज्याला ऐकू येत नाही त्याला आईची हाक कुठून येणार, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. दिसूनही पुढची चार वर्षं मी त्याला ऐकत नाही म्हणून मारलं, आणि बोलता यावं म्हणून पोपटाचा उष्टा पेरू चारला. मग तुझी एक चापट मला सापडली. ती तुझ्या नावावर ठेवली की माझ्या सगळ्या मला आठवायला नकोत. म्हणून ‘कान गेले’ एवढंच म्हटलं आणि आठ वर्षं तुला निस्तरू दिलं. तू निस्तरायचं काही नाही. तो अर्ज फाड. सुट्टीत ये, तो वाट बघतो, प्लास्टरवर त्यानं तुझ्यासाठी मोकळी जागा ठेवली आहे, तिथं मला लिहू देत नाही. मला माफ कर असं मी लिहीत नाही. तुला काय वाटतं ते आल्यावर माझ्या तोंडावर बोल. मी ऐकेन.

तू तिथंच राहावीस म्हणणारी,
तुझीच,
आई