सातची बाटली

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

५ ऑक्टोबर २०२५, औंढे
आज नव्या जागी दूध उतू घातलं. गोठ्याला लागून एकच खोली आहे, पण भिंती कोरड्या, आणि दारात तुळशीला ऊन. ह्यांना दुधाच्या टेम्पोवर नोकरी, मला संशोधनवाल्या कोमल मॅडमच्या हाताखाली. त्यांना नीट अक्षराची दहावी पास बाई हवी होती. देवीनंच जुळवून आणलं. ही वही अर्धी कोरी होती, पानं वाया कशाला घालवायची, म्हणून रोज लिहीन म्हणते.
आमच्या लेकीला, छकुलीला, भाजे गावी सासूबाईंपाशी ठेवलं. दोन वर्षांची झाली तरी अंगावर पीत होती. कडुलिंबाचा पाला वाटून लावला. तीन दिवस रडली, मग सुटलं. सासूबाई म्हणाल्या, पोर इसरंल, तू नको इसरू म्हंजी झालं.

९ ऑक्टोबर
काम सोपं आहे. गाई अकरा. सकाळी सहा ते आठ, जी शेण टाकेल तिचं लगेच सुपारीएवढं बाटलीत घ्यायचं, वर नंबर लिहायचा, वहीत नोंद, बाटली फ्रीजरमध्ये. महिन्यातून एकदा शेपटीचे चार केस पाकिटात. सुई नाही, रक्त नाही. मॅडम म्हणाल्या, गाय घाबरली की अंगात एक द्रव्य वाढतं. आजची भीती उद्या सकाळच्या शेणात उतरते, केसांत तर कित्येक महिन्यांची साठून राहते. धार काढणारी नंदाबाई म्हणाली, शिकल्याल्या बाया आन शेन मोजत्यात, गाईच्या डोळ्यात बघा की, फुकाट कळंल! मॅडमसुद्धा हसल्या.

१५ ऑक्टोबर
काल सात नंबरला कालवड झाली. कानात बिल्ला बारा. उद्या तिला आईपासून तोडून पलीकडं बांधणार, आणि परवा सकाळी सात नंबरच्या बाटलीवर सगळं ठरणार. आकडा चढला तर कालवड परत आईखाली. नाही चढला तर ती कुरवंडे गावच्या दुसऱ्या गोठ्यात, आणि पुढं सगळीच वासरं पहिल्या दिवशी तोडायची. मालक आदिनाथभाऊंनी तसं कबूल केलंय.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
देवी मला क्षमा करो. आज वासराच्या गाईची पूजा, म्हणून पहाटे उठून अंगण सारवायला घेतलं. सातनं नुकतंच शेण टाकलं होतं. घरच्या सवयीनं तेच उचललं, कालवलं, सारवून मोकळी झाले. मग बाटली आठवली. आठपर्यंत सातनं पुन्हा टाकलंच नाही, नुसती हंबरत उभी. मॅडमची गाडी फाटकात आली. मी चार नंबरच्या शेणातून बाटली भरली. चारचं वासरू तिच्यापाशीच आहे, ती निवांत. शेण ते शेण, असं मनाला सांगितलं. वर सात लिहिलं. अक्षर चांगलं आलं.
संध्याकाळी चारला आणि तिच्या वासराला ओवाळलं. सात बघत होती.

२४ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. सात अगदी शांत, कालवड नेल्याचं तिला काही नाही. नंदाबाई फणकारली, आठ दिस वैरनीला त्वांड लावलं न्हाई त्या गाईनं, आन म्हनं शांत! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. नोकरी जाईल, ह्यांचीही जाईल. मिटलं.
दुपारी कालवड कुरवंड्याला गेली. टेम्पो ह्यांनीच नेला.

२७ ऑक्टोबर
कुरवंड्याला कालवड मेली. दूधच घेतलं नाही म्हणे. देवापुढं दिवा लावला, तीनदा विझला. वारा नव्हता.

३० ऑक्टोबर
सात बसली ती उठली नाही. डोळे उघडेच. नंदाबाई म्हणाली, बाय, तुला कायतरी सांगायचंय व्हय? मी नाही म्हटलं.

१ नोव्हेंबर
फ्रीजर उघडला. गाई आता दहा, आजच्या बाटल्या अकरा. अकरावीवर सात, माझ्याच अक्षरात. गाय पुरून दोन दिवस झाले. बाकीच्या दगडासारख्या गोठलेल्या — ही कोमट.

२ नोव्हेंबर
टाकून दिली. आज पुन्हा तिथंच. तशीच एक मॅडमच्या लॅबमध्येही पोचलेली. मॅडमचा फोन — सातचा आकडा एवढा कसा, मशीनच्या बाहेर जातोय, म्हणाल्या. सांगणार होते. फोनमधून हंबरणं आलं.

३ नोव्हेंबर
फ्रीजरमध्ये पाकीट. वर १२. कालवडीच्या बिल्ल्याचा आकडा. आत केस — गाईचे नाहीत. मऊ, भुरे, खोबरेल तेलाचा वास. छकुलीचं जावळ.
भाज्याला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, व्हय, कानावरची बट कुनी कापली काय की, आन पोर खात न्हाई, नुसती हंबरती.
ह्यांना म्हटलं, आत्ता जा, घेऊन या. माझ्यापाशी नीट राहील.

४ नोव्हेंबर
आली. मला ओळखेना. पदर पुढं केला — तोंड फिरवलं. कडू आहे म्हणते.

५ नोव्हेंबर
सकाळचे आठ. छकुली खोलीत नाही. सातच्या रिकाम्या दावणीत बसलीय. केस ओले, खाली चापून बसलेले — कुणी चाटल्यासारखे. आई म्हणून हाक मारते, माझ्याकडं पाठ करून.
उचलायला गेले. हलत नाही. खुंट्याचं सातचं दावं ताठ झालंय, दुसऱ्या टोकाला कुणी नाही —
नोंदवहीत लिहिलं. सातची बाटली चारच्या शेणाची होती, मी भरली. मॅडमना फोनवर सांगितलं, मोठ्यानं, गोठ्यात उभी राहून. ऐक गं माये, सांगितलं मी. आता माझी मला —
छकुलीनं वळून पाहिलं. तिच्या कानात बिल्ला. बारा