पान कोरं सोडायचं नाही

४ जानेवारी
आज सकाळी दुकान उघडून देवाचं नाव घेतलं आणि पहिलं काम केलं ते सुई ओवण्याचं. लांबचा चष्मा कपाळावर ढकलला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एका दमात ओवलं. बारीक सुई, काळा दोरा. हिला म्हटलं, बघ. ही म्हणाली, बघितलं, आता डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जाताय?
चष्मेवाल्याने नंबर काढता काढता, डोळ्याच्या मागची नस बरोबर वाटत नाही, मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं म्हटलं. तेव्हापासून हिने हेच धरलंय. मी शिंपी. ज्याला सुई ओवता येते त्याचे डोळे खराब कसे असतील? माणसाने थोडा विचार करावा.
संकल्प: या वर्षी चिडायचं नाही.

९ जानेवारी
खडू गेला. आत्ता डाव्या हाताशी ठेवला होता. या दुकानात वस्तूंना पाय फुटतात. हिला विचारलं तर म्हणाली, तुमच्या कोपराशी आहे. होता. पण आधी नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.
चिडलो. पण ते खडूवर. माणसावर नाही.

१५ जानेवारी
वाद एकदाचा मिटावा म्हणून गेलो. डॉक्टर बाई आहेत, आमच्या मुलीहून थोड्या मोठ्या. मला काका म्हणाल्या. तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली. त्याच्या खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का, विचारलं. हसल्या नाहीत.
मग डोळ्यांत थेंब, हनुवटी टेकवा, निळा दिवा, वर बघा, खाली बघा. शेवटी म्हणाल्या, काचबिंदू आहे. डावा डोळा बराच, उजव्यात सुरुवात.
म्हटलं, बिंदूच ना, ऑपरेशन करून काढून टाका. म्हणाल्या, काका, तो मोतीबिंदू. यात डोळ्यातलं प्रेशर नसेला मारत राहतं. नजर कडेकडून जाते, मधली शेवटपर्यंत चांगली राहते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, त्यासाठी ड्रॉप्स, रोज सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता.
घरात कुणाला होतं का, असं विचारलं. म्हटलं, नाही. वडील शेवटी शेवटी दाराच्या चौकटीला धडकायचे. पण ते विचारी होते, आपल्याच तंद्रीत चालायचे.

१६ जानेवारी
शांतपणे विचार केला. केमिस्टकडे जाऊन ब्लडप्रेशर मोजून घेतलं. उत्तम निघालं. टाकी एक, पाणी एक. मग एकाच नळाला जास्त प्रेशर कसं येईल? बाई शिकलेल्या आहेत, पण वयाने लहान.
तरी खबरदारी म्हणून रोज सकाळी देवापुढे डोळे मिटून स्वस्थ बसायचं ठरवलं. आज बसलो. मन जरा लागतंय तोच ही आतून ओरडली, ड्रॉप्स घातले का? सगळी स्वस्थता गेली. आता माझं प्रेशर वाढलं तर जबाबदार कोण?

२ फेब्रुवारी
ड्रॉप्स झोंबतात. थेंब गालावर जातो, कानात जातो, डोळा सोडून सगळीकडे जातो. गेलाच डोळ्यात तर डोळा लाल. कोटाचं माप द्यायला आलेले बँकेतले साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, काय मास्टर, आज दुपारीच? मी आयुष्यात कधी घेतली नाही.
जिथे दुखत नव्हतं तिथे औषधाने दुखायला लागलं. याला कोणी इलाज म्हणेल का?
संकल्प: ड्रॉप्स तपासणीच्या आदल्या दिवसापासून कसून घालायचे. शाळेतही आदल्या दिवशीचा अभ्यासच कामाला यायचा.

१९ फेब्रुवारी
हिने जागा बदलली. लग्न झाल्यापासून ही माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसून काज-बटणं करते. आज स्टूल उचललं आणि उजवीकडे मांडलं. का, विचारलं, तर म्हणे, इकडे उजेड बरा आहे. खिडकी डावीकडे आहे! उजेड तिकडून येतो! पण हिला कोण सांगणार?
चिडलो नाही. वर्षाचा संकल्प आहे. फक्त दुपारपर्यंत धुसफुसलो.

६ मार्च
डोळ्यांची मशीनवरची परीक्षा झाली. अंधारी खोली. एक डोळा झाकायचा, मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.
आमचे गावातले मास्तर सांगायचे, उत्तर येवो न येवो, पान कोरं सोडायचं नाही. कोऱ्या पानाला मार्क देता येत नाहीत. ते मी विसरलेलो नाही. उजव्या डोळ्याला ठीक चाललं होतं. डाव्याला दिवे येईनात. मग अंदाजाने दाबलं. थोड्या वेळाने लय सापडली, पायमशीनवर शिलाई जाते तशी. शेवटी शेवटी तर नुसता सपाटा लावला. पेपर सोपा गेला.

त्याच दिवशी, नंतर
मशीन चालवणारा पोरगेलासा माणूस म्हणाला, काका, दिवा नव्हता तेव्हासुद्धा दाबलंत. म्हटलं, येणारच होता. बाई म्हणाल्या, याचा काही उपयोग नाही, पुन्हा करावी लागेल.
मशीन बिघडलेलं, आणि फेरपरीक्षा माझी!
प्रेशर मात्र छान आलं. काल आणि आज मिळून ड्रॉप्स भरपूर घातले होते. रोज घालता ना, असं बाईंनी विचारलं. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. देवालाही घरी आल्यावर तसं समजावून सांगितलं.

२२ मार्च
दुकानाच्या चौकटीने डाव्या खांद्याला मारलं. रस्त्यात एक सायकलवाला डावीकडून उगवला, बेल नाही, काही नाही. वर मलाच म्हणाला, आजोबा, बघून चाला. आजोबा! मघापर्यंत तिथे कोणी नव्हतं. हल्ली लोक चालत येत नाहीत, एकदम उगवतात. चहाचा कपही डावीकडेच सांडला. साहेबांच्या कोटाच्या अस्तरावर. ही न बोलता अस्तर धुवायला घेऊन गेली. तिचं हे न बोलणं मला आवडत नाही.

११ एप्रिल
लिहावंसं वाटत नाही.
मुलगी जेवणाच्या सुट्टीत दुकानात आली. नोकरीत कायम झाली, ते सांगायला धावत आली होती. खुर्ची ओढून हिच्या जुन्या जागी बसली. मी साहेबांच्या कोटाची कॉलर दाबत होतो. तिचं ऐकत होतो. फार बरं वाटत होतं. कॉलर झाली, इस्त्री नेहमीप्रमाणे डावीकडे टेकवली.
तिथे तिचा हात होता.
ती फक्त बाबा म्हणाली. ओरडलो मी. हात कुठे ठेवावा कळत नाही का, असं ओरडलो. पोरगी म्हणाली, अहो बाबा, मी हात हलवून हलवून तुम्हाला सांगत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत.
ही नळाखाली तिचा हात धरून उभी होती. पाठ वळवूनच म्हणाली, उजेड नव्हे, मी इस्त्रीसाठी जागा बदलली. दोनदा माझ्या बोटांशी आली. तिसऱ्या खेपेची वाट कशाला बघू?
तेव्हाच सांगायचं होतंस, मी म्हटलं.
म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही सुई ओवून दाखवली असती.

१२ एप्रिल
हाताच्या पाठीवर मोठा फोड आला आहे. डाग राहील, पण बोटं हलतात. ती म्हणते, बाबा, जाऊ द्या ना.
उजवा डोळा झाकून सुई समोर धरली. सुई दिसली. नेढंही दिसलं. टेबल दिसलं नाही. तिथे अंधार असता तर मी केव्हाच ओळखला असता. अंधार नाही. काहीच नाही, आणि काही नाही हेही मला कळत नव्हतं. किती महिने, देव जाणे. त्याला विचारायला तोंड नाही.
वडील विचारी नव्हते.

१८ एप्रिल
फेरपरीक्षा. मास्तरांची मनातल्या मनात माफी मागितली. दिसला तर दाबायचं, नाही तर नाही.
डाव्या डोळ्याला इतका वेळ काही आलं नाही की विचारलं, मशीन चालू आहे ना? तो म्हणाला, चालू आहे काका, बघत राहा. अंगठा बटणावर ठेवून बसून राहिलो. देवाला म्हटलं, एखादा तरी पाठव. मग म्हटलं, नको, असेल तेच दाखव.
कागदावर डाव्या डोळ्याचा बराच भाग काळा आला. बाई म्हणाल्या, आता टेस्ट नीट झाली. नापास होऊन मिळालेली ही पहिली शाबासकी. ड्रॉप्सचं खरं ते सांगितलं. रागावल्या. रागावल्या ते बरं झालं. म्हणाल्या, उजवा अजून पुष्कळ चांगला आहे, तो जपा. आणि मान वळवून बघायची सवय लावा. भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा.
धाकट्या भावाला लगेच फोन केला. म्हणाला, दादा, मला काय धाड भरलीय? पेपर बिनचष्म्याचा वाचतो मी. त्याला वाटेल ते बोललो. वर्षाचा संकल्प संपला. रविवारी जाऊन कानाला धरून नेणार आहे.
दुकानात आल्यावर इस्त्री उचलून उजवीकडे मांडली, लांब वायर आणून प्लगही तिकडे घेतला. ही म्हणाली, मग आता मी कुठे बसू? म्हटलं, तुझ्या जागी. तिने स्टूल परत डावीकडे नेलं. मग मी बाटली काढून तिच्या हातात दिली आणि मान मागे टाकली. थेंब डोळ्यात पडला. झोंबला. डोळे मिटून बसलो, तक्रार केली नाही.
डोळे उघडले तर ही दिसेना. कुठे गेलीस, विचारलं. म्हणाली, इथेच आहे.
मान वळवली. होती.