समोरची खोली, गुरुवारचा वर्ग

मी, इन्साफ ताद्रोस बशाई, राहणार शुब्रा, कैरो, तिसरा मजला, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांच्याविषयी कायदा काही विचारत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझा भाचा रऊफ दर रविवारी चर्चहून येऊन जे करतो त्याला दबाव म्हणत नाहीत, भुणभुण म्हणतात.

हे लिहायला बसण्याचे कारण साब्रीन. ही आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची मुलगी. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी माझ्या समोरच्या खोलीत ती आणि आणखी काही मुली देवळांच्या भिंतींवरची आपली जुनी भाषा शिकायला येतात. त्यांना गाइड व्हायचे आहे, आणि बाहेरच्या शिकवण्या त्यांच्या घरच्यांच्या आवाक्यातल्या नाहीत. मी फी घेत नाही. मागच्या गुरुवारी मला जिन्यात चक्कर आली. वर्ग संपल्यावर साब्रीन म्हणाली, "बाई, तुम्ही नसलात की गुरुवारी आम्ही कुठे यायचं?"

बाकीच्या मुलींनी तिला कोपर मारले. "असं विचारतात का गं, गधडे!"

विचारतात. तिने विचारले ते बरे झाले. माझ्या घरच्या कोणाला ते सुचले नसते.

कलम एक. देहाविषयी. माझे दफन आमच्या चर्चच्या रीतीने व्हावे. दगडावर नाव साध्या अरबीत असावे. जुन्या चित्रलिपीत काहीही कोरू नये, कोणाला कितीही हौस असली तरी. हल्लीच्या कारागिरांना ती येत नाही, आणि ज्यांना येत होती त्यांनीही काय दिवे लावले ते मी पाहिलेले आहे. पुरुषांसाठी तयार असलेला मजकूर बायकांच्या शवपेट्यांवर उतरवायचा, नाव तेवढे बदलायचे आणि 'त्याचे तोंड उघडो, त्याला भाकर मिळो' हे तसेच ठेवायचे. कित्येक बायका चार हजार वर्षे 'तो' होऊन पडलेल्या आहेत. मी उभा जन्म त्या भाषेतली 'ती' शिकवली. मला हे चालणार नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून दफनाचा खर्च व्हावा. उरले तर जिन्यातला दिवा लावावा. इमारतीतल्या लोकांना मी सांगून सांगून थकले. निदान माझी शवपेटी तरी उजेडात खाली जावी.

कलम तीन. लाकडी पट्टी. ही मला नन्सच्या शाळेतून मिळाली, म्हणजे मदर क्लेमांसनी ती माझ्या बोटांवर मोडली आणि अर्धा तुकडा मी ठेवून घेतला. फ्रेंच क्रियापदे त्यांनी आमच्यात अशीच उतरवली. 'माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, तिच्याकडे आहे', सगळा वर्ग एका सुरात. माझे आजोबा चर्चमध्ये कॉप्टिक, म्हणजे देवळांच्या त्याच भाषेच्या शेवटच्या रूपातली, स्तोत्रे म्हणत. त्यातल्या शब्दांनाही शेवटी 'तू', 'तो', 'ती' चिकटलेले असतात हे मला त्या फ्रेंचच्या वर्गातच, वयाच्या अकराव्या वर्षी, कळले, आणि मी वहीच्या मागच्या पानावर त्यांचे कोष्टक मांडले. मदर क्लेमांसनी ते पान फाडले. "मूर्तिपूजकांच्या भाषेला व्याकरण नसतं, इन्साफ," म्हणाल्या. माझ्या आजोबांना त्या मूर्तिपूजक म्हणाल्या! पट्टी कोणालाही देऊ नये. ती चुलीत घालावी. पण एक कबूल करते, एका सुरात म्हणून घेण्याची त्यांची रीत मी आयुष्यभर वापरली.

कलम चार. पुस्तके. व्याकरणे, पाच खंडांचा कोश आणि भिंतीवरचा तक्ता समोरच्या खोलीतच राहावा. तक्ता मी हाताने काढलेला आहे. 'तू' म्हणजे टोपली, 'तो' म्हणजे शिंगवाला साप, 'ती' म्हणजे घडी घातलेले कापड, 'आम्ही' म्हणजे पाणी. दर वर्षी नव्या मुली सापाकडे बघून हसतात आणि विचारतात, "म्हणून तुम्ही लग्न केलं नाहीत का, बाई?" मी सांगते, नाही, घडी घालून पडून राहायचे नव्हते म्हणून.

या भाषेत क्रियापद जागचे हलत नाही. त्याच्या मागे अशा एखाद्या चित्राची शेपटी लागली की ते 'मी ऐकते' होते, 'तू ऐकतोस' होते. तीच शेपटी घराला लावली की 'माझे घर', 'तुझे घर'. रऊफला हे एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आत्या, मेलेल्यांची भाषा ती. ऐकणारं कोण आहे?" आमच्या सगळ्या व्याकरणांत नमुन्याला एकच क्रियापद घेतात, ऐकणे. चाळीस वर्षे मी तेच चालवून दाखवले, आणि घरात माझे कोणी ऐकले नाही.

कलम पाच. घर. हे घर वडिलांनी घेतले आणि मी राखले. तीन खोल्या आहेत. कायदा म्हणतो की मला माझ्या मर्जीने फक्त तिसरा हिस्सा देता येतो, बाकीचा वारसाचा. माझा वारस रऊफ. तेव्हा आतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर त्याचे. त्याला तिथे दुकानातल्या बुटांची खोकी ठेवायची आहेत. माझ्या न्हाणीघराची मापे त्याने मी आजारी असताना घेतली. "सहज, आत्या, नळ बदलायला." नळ अजून गळतो.

कलम सहा. समोरची खोली, तिचे जिन्याकडचे स्वतंत्र दार, मोठे टेबल आणि खुर्च्या. ही खोली मी नेमत बहरावी, निवृत्त शिक्षिका, पाचवा मजला, यांना देत आहे, गुरुवारचा वर्ग चालू ठेवण्यासाठी.

याचे कारण लिहून ठेवते. रऊफला वाटायला नको की म्हातारी चळली.

नेमत आणि मी एकाच संस्थेत ही जुनी भाषा शिकवत होतो. एका बसने जायचो, एका डब्यातले खायचो. त्या जुन्या लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून 'तो ऐकतो' आणि 'त्याने ऐकावे' ही दोन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात. नेमतचे म्हणणे, मुलींना पहिल्या दिवसापासून सगळी रूपे वेगळी करून शिकवा. माझे म्हणणे, आधी वाचू द्या, वाक्य कानात बसले की रूप आपोआप कळते. 'तो ऐकतो' की 'त्याने ऐकावे' यावर आम्ही बसमध्ये इतके भांडायचो की कंडक्टर म्हणायचा, "बायांनो, त्या नवऱ्याला सोडून तरी द्या!"

तिथवर ठीक होते. मग एका बैठकीत, संचालकांच्या समोर, नेमत उभी राहिली आणि म्हणाली, "इन्साफबाई घोकंपट्टी करून घेतात. याला भाषा शिकवणं म्हणत नाहीत." माझा वर्ग काढून तिला दिला. शेवटची वर्षे मी ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. तिची भाजीची टोपली रोज दोरीवरून माझ्या गॅलरीसमोरून खाली जाते आणि वर येते. कांदे कसले घेतले ते मला दिसते. मी विचारत नाही.

तरीही खोली तिला. कारण मी ग्रंथालयात बसून तिचा वर्ग भिंतीपलीकडून ऐकला आहे. माझ्यापेक्षा ती चांगली शिकवते असे मी लिहिणार नाही. पण तिच्याइतके चांगले शिकवणारे शुब्रात दुसरे कोणी नाही, आणि साब्रीनची परीक्षा हिवाळ्यात आहे. मी थकले आहे. राग धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते.

इथे लिहिणे थांबवावे लागले. कलम सहाचे काही न सांगता, फक्त साक्षीदाराची सही हवी म्हणून, मी नेमतला साब्रीनकडून निरोप धाडून बोलावले होते. ती आली. हातात रव्याची बसबूसा, तुपात निथळणारी, आमचा मोठा उपास चालू आहे आणि त्यात तूप चालत नाही हे पक्के माहीत असताना.

"उपास आहे माझा," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिले वाक्य.

"मग बघत बस," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "कुठे करायची सही?"

मी कागद उलटा ठेवला होता. तिने सरळ केला. न वाचता सही करणाऱ्यांतली ती नव्हेच. कलम सहाशी आली तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"वाचता येतं ना?"

"मी रूपं वेगळी करूनच शिकवणार. पहिल्या दिवसापासून."

"शिकव."

"तुझा तो एका सुरातला आरडाओरडा बंद करणार."

"मी मेलेली असणार. मला ऐकू येणार नाही."

ती उठून तक्त्यापाशी गेली. मला वाटले आता बैठकीचे काही बोलेल. पण माफी मागायची तिच्या घराण्यात रीत नाही. मग म्हणाली, "अगं बये, मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. मला मागे कशाला ठेवतेस? तुझ्या आधी मी गेले तर या पोरी काय करतील?"

हे मला सुचले नव्हते. वकिलालाही सुचले नव्हते, आणि तो फी घेतो.

"मग काय करू म्हणतेस?" मी विचारले.

"तुझ्या मरणाची वाट बघायला मला वेळ नाही. या गुरुवारी येते. पहिला तास तू घे, दुसरा मी. पोरींना काय पटेल ते पटू दे. आणि हे खा, तुझ्या देवाला मी सांगते."

मी खाल्ले नाही. झाकून ठेवले आहे.

तेव्हा कलम सहात भर. समोरची खोली आजपासून, माझ्या हयातीतच, दर गुरुवारी नेमत बहरावी यांचीही समजावी. आमच्यापैकी जी मागे राहील तिने वर्ग चालवावा, आणि दोघीही नसलो तर साब्रीनने. वकील म्हणतात मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही. त्यांचे शिक्षण त्यांच्यापाशी.

वर लिहिलेले सगळे मला मान्य आहे. खाडाखोड माझीच आहे.

इन्साफ ताद्रोस बशाई
शुब्रा, कैरो. दिनांक ११ मार्च २०१९, कॉप्टिक बरमहात महिन्याची २.

साक्षीदार :
१. डॉ. अदली फहमी, दंतवैद्य, तळमजला. (सही)
२. मादाम ओदेत नखला, चौथा मजला. (सही)

नेमत बहरावी, पाचवा मजला, सही करायला आल्या होत्या. मृत्युपत्रात त्यांचेच नाव आल्यामुळे त्यांना साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी कळवले. त्या येथे हजर होत्या, आणि हे लिहीपर्यंत गेलेल्या नाहीत.