सव्विसाव्या चालीनंतरचं घड्याळ

पोलादपूर,
८ ऑगस्ट २००४

प्रिय हैदर,

माझं अक्षर बघून तुला आश्चर्य वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी सोयीचं बोलून मोकळा झालो असतो. कागदावर तसं करणं मला जड जातं, निदान दुसऱ्या दिवशी वाचताना तरी लाज वाटते. कशेडी घाटात दरड आल्यामुळे दोन दिवस वाहतूक बंद आहे आणि शाळेलाही सुट्टी दिलीय. तेव्हा वेळ नाही, ही सबबही उरलेली नाही. तुझ्या सादियाने बुद्धिबळाच्या तालुका स्पर्धेचा फॉर्म कोराच परत आणून दिला. त्याविषयी लिहायचंच आहे, पण आधीचं आधी सांगायला हवं.

काशीरामसर मार्चमध्ये गेले, हे तुला कळलं असेल. त्यांचा रविवारचा बुद्धिबळाचा वर्ग आता मी घेतो. महाडच्या वाचनालयात, खालच्या खोलीत, आठ-दहा मुलं येतात. गेल्या महिन्यात शिकवण्यासाठी एखादा स्वतःचा डाव काढावा म्हणून मी जुन्या डायऱ्या चाळल्या आणि २६ जानेवारी १९९६चा आपला डाव निवडला. शेवटची फेरी, तू काळी मोहरी घेऊन, मी पांढरी. जो जिंकेल तो जिल्ह्याच्या संघातून पुण्याला जाणार होता. माझा सर्वात चांगला विजय म्हणून मी तो वर्षानुवर्षं मनात जपला होता.

फळ्याशेजारी डाव मांडून मी एकेक चाल समजावत होतो. सव्विसाव्या चालीला मी हत्ती आणला आणि तू लगेच प्यादं पुढे ढकललंस. ते माझ्या हत्तीने खाल्लं आणि डाव तिथेच संपला. डायरीत मी त्या चालीपुढे उद्गारचिन्ह काढलेलं आहे. तेवढ्यात सादिया म्हणाली, "सर, अब्बांनी आधी घोडा का नाय आणला? मग प्यादं सुटतंय की. मला पण दिसतंय." मी पाहिलं. खरंच सुटत होतं. घोडा आला असता तर तुझं प्यादं दोन चालींत वजीर झालं असतं. मी म्हणालो, वेळ कमी होता. ती पुढे आली आणि माझ्याच डायरीच्या समासावर बोट ठेवून म्हणाली, "पंचविसाव्या चालीला दोघांची साठ-साठ मिनिटं झालेली. दोन चालींत तुमची दोनच गेली आणि अब्बांची सव्वीस? अब्बा झोपले होते काय?" मुलं हसली. मीही हसलो.

तू झोपला नव्हतास. तू जुम्म्याच्या नमाजाला गेला होतास.

तुमच्या ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसातली आपली पद्धत तुला आठवत असेल. गाडी भरायला वेळ लागायचा, तेवढ्यात आपण पट मांडायचो. शुक्रवारी तू मध्येच उठायचास. मग ज्याची चाल असेल त्याने ती बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागे लिहायची, घडी करून पटाखाली सरकवायची आणि घड्याळ थांबवायचं. एकाने नमाज पढावी आणि दुसऱ्याने तेवढा वेळ पटाकडे बघत बसावं, हे तुला मंजूर नव्हतं. "मास्तर, चिठ्ठी लिव आधी, नायतर मी येईस्तो अख्खा डाव पाठ करून ठेवशील," असं म्हणायचास आणि टोपी घालत निघायचास. सहा वर्षं आपण असे खेळलो. त्यात एकदाही चिठ्ठीवर एक आणि पटावर दुसरीच चाल, असं झालं नाही.

त्या दिवशीही माझीच चाल होती. तू खिशातून बिल्टीचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवलास आणि हळूच म्हणालास, "तू सरांना सांग, मी जातो." सर पंच होते आणि तेव्हा दाराजवळच्या पटावर मुलांचं भांडण सोडवत होते. मी मान हलवली. तू गेलास. मी चिठ्ठी लिहिली. हे मला नीट सांगायचं आहे, हैदर, कारण इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की गडबडीत राहून गेलं. राहून गेलं नाही. मी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि मग पटाकडे बघितलं, तेव्हा तुझं ते प्यादं मला दिसलं. मी हरत होतो. चिठ्ठी मी खिशात टाकली, तीच चाल पटावर केली आणि घड्याळाचं बटण दाबलं. तुझा काटा फिरू लागला. सरांकडे मी गेलोच नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.

तू धापा टाकत आलास. तुझ्या घड्याळातली लाल झेंडी वर उचलली जाऊ लागली होती, नव्वदातली जेमतेम चार मिनिटं उरलेली. तू म्हणालास, "मास्तर, घड्याळ चालूच ऱ्हायलं काय?" तू मला वाट काढून देत होतास. नुसतं हो म्हणालो असतो तरी निभावलं असतं, तू हसून शिवी घातली असतीस. मी म्हणालो, "सरांनी थांबवू दिलं नाही. नियम आहे म्हणाले."

तू एकदाच मान वळवून सरांकडे पाहिलंस. मग खाली बसलास आणि प्यादं ढकललंस. हरल्यावर माझ्याशी हात मिळवलास, सरांच्या समोरून न बोलता गेलास. मुंबईच्या दंगलींना तेव्हा नुकतीच तीन वर्षं झाली होती. सरांच्या त्या 'नियमात' तू काय वाचलं असशील, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी कप घ्यायला उठलो.

पुण्याला मी नऊपैकी सात डाव हरलो. तू वर्षभरात कुवेतला गेलास. सुट्टीवर आलास की मला भेटायचास, सरांच्या वर्गाकडे मात्र फिरकला नाहीस. सरांच्या निरोप समारंभालाही नाही. सर विचारायचे, "हैदर का येत नाही रे? आणि त्या दिवशी तो घड्याळ चालू ठेवून गेला कसा? मला एका शब्दाने बोलला असता तर थांबवलं असतं की." मी म्हणायचो, घाईत असेल. म्हणजे तुला त्यांच्याबद्दल खोटं सांगितलं आणि त्यांना तुझ्याबद्दल. सर शेवटचे आजारी असताना मी दर शनिवारी जात होतो. दर वेळी ठरवून जायचो आणि औषधाच्या गोळ्या मोजून देऊन परत यायचो. आता त्यांना सांगण्याची सोय राहिली नाही.

गेल्या रविवारी फॉर्म कोरा परत आला म्हणून मी तुझ्या घरी गेलो. बिल्किसभाभींनी चहा दिला आणि फार अदबीने म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याविषयी काय नाय. पर सादियाचे अब्बा फोनवर नको म्हंतात. म्हंतात, तिथं आपल्या मानसासाठी घड्याळ थांबत नाय." सादिया आतल्या दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. हैदर, ते वाक्य तू माझ्याकडून घेतलंस आणि आता ते तुझ्या मुलीच्या वाट्याला आलं आहे. म्हणून हे पत्र. घड्याळ सरांनी चालू ठेवलं नव्हतं, मी चालू केलं. सोबत ती चिठ्ठी पाठवतो, डायरीतच होती. पुढे तुझ्या हातचं 'महाड ते खेड, कौलं' आहे आणि मागे माझी सव्विसावी चाल. पत्र मिळाल्यावर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, ते मला समजेल. पण भाभींना फोन करून फॉर्मवर सही करायला सांग. शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट आहे. सादियाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. पुढच्या वर्गात तो डाव पुन्हा मांडेन आणि समासातल्या त्या सव्वीस मिनिटांत काय घडलं ते तिच्यासमोर, सगळ्या मुलांसमोर सांगेन.

अजूनही म्हणू देशील तर तुझाच,
सयाजी मास्तर